संघाच्या कॉम्प्युटरला मेमरी घालू या, ग्राफिक्स कार्ड नको
(प्रभाग संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले भाषण)



आजचा चौथा विषय आहे संघाच्या जुन्या कॉम्प्युटरचा. मागच्या सभेत तो निघाला तेव्हा बऱ्याच जणी म्हणाल्या, "ते मशीनचं तुम्हीच बघा." पण पैसा तुमच्या वर्गणीतला आहे ना? मग बघायचं तर सगळ्यांनी. मी समाजकार्य शिकले, कॉम्प्युटरचा कोर्स नाही. त्यामुळे घाबरू नका, मला जे कळलं ते तुम्हालाही कळेल.

आधी आपल्या लेखापाल ताईंबद्दल बोलते. दोन गटांत हप्ता भरूनही थकबाकी दिसली. त्यावरून बोलाचाली झाली आणि ठपका ताईंवर आला. मी एक दिवस त्यांच्या शेजारी बसले. एक्सेल उघडलं, ब्राउझर उघडला, की मशीन जागच्या जागी थांबतं. एक पावती टाकायची आणि गोल फिरणारं चक्र बघत बसायचं. पाचची एसटी चुकेल म्हणून त्या उरलेल्या पावत्या उद्यावर ढकलतात. यात त्यांचा आळस कुठे आला?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स'मध्ये मेमरी किती भरली ते दिसतं. आपली 4 जीबी जवळजवळ पूर्ण भरलेली होती आणि हार्ड डिस्क शंभर टक्के कामात होती. याचा अर्थ असा. मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, हार्ड डिस्क म्हणजे माळ्यावरचे डबे. ओटा लहान असला की पीठ उतरवायचं, मळायचं, डबा वर ठेवायचा, मग तिखटाचा उतरवायचा. निम्मा वेळ शिडीवर जातो. मशीनचंही तेच चाललंय.

आता दरपत्रक. तालुक्याच्या एका दुकानदाराने मेमरी आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही लिहून दिलंय, "दोन्ही टाका, मशीन पळेल," म्हणाले. कार्डाची किंमत मेमरीच्या दुपटीहून जास्त आहे. माझं स्पष्ट मत आहे की कार्ड नको. ग्राफिक्स कार्ड पडद्यावरचं चित्र काढण्याचं काम करतं. मोठे गेम, व्हिडिओचं एडिटिंग, थ्रीडी डिझाइन करणाऱ्याला ते लागतं. आपण हप्ते लिहितो, ठराव टाइप करतो, मसाल्याच्या पाकिटाचं लेबल छापतो. एवढ्याला मशीनमध्ये मुळात असलेलं ग्राफिक्स पुरतं. ते आपल्याच मेमरीतली थोडी जागा वापरतं, म्हणून मेमरी वाढली की त्यालाही मोकळं होतं. शिवाय मोठ्या कार्डाला वीज जास्त लागते. मदरबोर्डवरच्या खाचेतून जास्तीत जास्त 75 वॉट मिळतात, त्याच्या वर लागली तर पॉवर सप्लायमधून वेगळी वायर हवी, आणि जुन्या मशीनचा पॉवर सप्लाय कमी पडला तर तोही बदला. एका खर्चापाठी दुसरा.

उद्या कोणी गटाच्या मालाचे व्हिडिओ बनवायला घेतले, तर कार्डाचा विषय परत आणा, माझी ना नाही. आज मात्र त्या पैशात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी किती पडेल, हे मी दुसऱ्या दुकानातून लिहून आणलंय. जुन्या मशीनला सगळ्यात जास्त फरक पडतो तो त्यानेच.

मेमरी घेताना मात्र नीट बघायचं. डीडीआर3 ची पट्टी डीडीआर4 च्या मशीनला बसत नाही, दोघींची खाच वेगळ्या जागी असते. जोर लावला तर मोडते. विंडोज 32 बिट असेल तर 4 जीबीच्या वर मेमरी टाकून काही उपयोग नाही. आपलं 64 बिट आहे, मी तपासलं. टास्क मॅनेजरमध्ये दोनपैकी एकच स्लॉट भरलेला दिसतो, म्हणजे जुनी पट्टी ठेवून दुसरी घालता येईल.

मशीन उघडण्याआधी सगळ्या हिशोबाची कॉपी पेन ड्राइव्हवर घ्यायची. काम ऑफिसातच, आपल्या समोर करून घ्यायचं. वायर काढलेली हवी, हात आधी कॅबिनेटच्या पत्र्याला लावायचा, कारण अंगातल्या स्थिर विजेने पट्टी खराब होऊ शकते. पट्टी टक् आवाज करून बसते. मग 'धिस पीसी'वर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 8 जीबी दिसल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. बिल संघाच्या नावावर, त्यावर वॉरंटी लिहिलेली. डिस्क बदलली तर जुनी आपल्याकडेच ठेवायची, त्यात तुमची नावं आणि खाते क्रमांक आहेत.

एका ताईने विचारलं, याने नवीन विंडोज चालेल का? विंडोज 10 चे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले, हे खरं. पण विंडोज 11 ला प्रोसेसरही नवा लागतो, नुसत्या मेमरीने ते होत नाही. नव्या मशीनसाठी पुढच्या वर्षीच्या आराखड्यात वेगळी तरतूद मागू.

दोन्ही दरपत्रकं आता फिरवते. आकडे शेजारणीला वाचून दाखवा, मग सचिव ताई ठराव मांडतील.