टबातला मधला खांब

पाडवा जवळ आला की दुकानांत वॉशिंग मशिनभोवती गर्दी होते. विक्रेता आधी किलो सांगतो, मग महिन्याचा हप्ता, मग बटणं किती आहेत ते. झाकण उघडून टबात वाकून बघणारी माणसं मात्र थोडीच असतात. कपडा धुतला जातो तो तिथे, म्हणून आज आपण तिथेच बघू या. वरून झाकण उघडणाऱ्या, म्हणजे टॉप लोड यंत्रांपैकी काहींच्या टबात मधोमध एक उभा खांब असतो. त्याला ॲजिटेटर म्हणतात. असं यंत्र आपल्या घरी आणावं का, आणि आणायचं तर काय पाहून आणावं, एवढाच आजचा विषय.

आपल्या बाजारातल्या बहुतेक टॉप लोड यंत्रांत हा खांब नसतो. तळाशी एक चकती असते, पल्सेटर. ती फिरली की पाण्यात भोवरा उठतो आणि कपडे त्यात घुसळून निघतात. ॲजिटेटरचं काम वेगळं. त्याच्या खालच्या भागाला रुंद पाती असतात आणि तो भाग गरगर फिरत नाही. थोडा इकडे, थोडा तिकडे, असे झटके देत राहतो. चांगल्या यंत्रात खांबाचा वरचा भाग निराळा असतो. त्याला स्क्रूसारखे आटे असतात, तो एकाच दिशेने फिरतो आणि वर तरंगणारे कपडे खाली ओढतो. खाली गेलेला कपडा टबाच्या कडेने वर येतो, पुन्हा मध्यावर पोचतो, पुन्हा खाली जातो. मोरीत बसून कपडा चुबकताना हात जे करतो, म्हणजे दाबणं, सोडणं, उलटणं आणि पुन्हा दाबणं, तेच इथे चाललेलं असतं.

टबाच्या तळाशी झटके देणाऱ्या पात्यांची रचना मोठ्या प्रमाणावर घरोघरी नेली ती अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या, न्यूटन गावच्या मेटॅग कंपनीने. साल १९२२, यंत्राचं नाव जायराफोम. त्याआधीच्या कितीतरी यंत्रांत वरून लावलेल्या खुंट्या कपड्यांना धरून पाण्यातून ओढायच्या. मेटॅगमधले हॉवर्ड स्नायडर यांनी पाती टबाच्या तळाशी आणली आणि कपडा पाण्यातून ओढण्याऐवजी पाणीच कपड्यातून जोराने जाईल असं केलं. धाग्यांच्या मधून साबणाचं पाणी आरपार गेलं की मळ सुटतो. घासणं हा त्यातला एक भाग झाला. मला हा विचार फार मोलाचा वाटतो, कारण ॲजिटेटरचे गुणही यातूनच आले आणि दोषही.

पाणी कपड्यातून जायचं असेल तर कपड्यांभोवती भरपूर पाणी पाहिजे. कपडे मोकळे तरंगले पाहिजेत. पाणी कमी पडलं की पाती नुसत्या कपड्यांवर घासतात. काठ विरतात, बटणं तुटतात, बनियन ताणून लांब होतात. अमेरिकेतली जुनी ॲजिटेटरची यंत्रं एका धुण्याला सुमारे १५० लिटर पाणी घेत. आपल्या शहरांच्या पाणीपुरवठ्याचं नियोजन माणशी दररोज १३५ लिटर धरून केलं जातं. म्हणजे एका माणसाच्या अंघोळीचं, स्वयंपाकाचं, संडासाचं, सगळ्या दिवसाचं पाणी त्या एका धुण्याला पुरलं नसतं. आजची यंत्रं कमी पाणी घेतात, पण खांब असलेल्या यंत्राला पाणी जास्त लागतं ही गोष्ट बदललेली नाही.

२०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. ज्या घरात फेब्रुवारीपासून टँकरची वाट बघावी लागते, तिथे ॲजिटेटरचं यंत्र घेऊ नये असं मी स्पष्टच सांगेन. अशा घराला दोन टबांचं सेमी ऑटोमॅटिक यंत्र कितीतरी बरं. त्यात बादलीने पाणी ओतता येतं. एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत आणि शेवटी पायपुसणी निघतात. विसळण्याचं पाणी अंगण धुवायला ठेवता येतं. ही काटकसर आपल्या बायकांनी कुणी शिकवल्याशिवाय सुरू केली आणि ती अगदी शास्त्रशुद्ध आहे. अमेरिकेतही एके काळी साबणाचं पाणी साठवून पुढच्या धुण्याला परत घेणारी यंत्रं विकली जात. फुल्ली ऑटोमॅटिक यंत्र ते पाणी दर वेळी गटारात सोडून देतं.

मग हा खांब कुणासाठी? ज्यांच्या घरी कपडे खरोखर मळतात त्यांच्यासाठी. चिखलाने भरलेले शेतातले कपडे, गॅरेजमधले, एमआयडीसीतले जाड सुती गणवेश, जीन्स, चादरी, पंचे, टॉवेल. विहिरीला किंवा नळाला बारमाही पाणी असेल तर अशा धुण्याला खांबाचे झटके चांगले लागू पडतात आणि वेळही कमी लागतो. सुती कापड ही झीज बरीच सोसतं. रेशीम, जॉर्जेट, बारीक वीण असलेले कपडे सोसत नाहीत.

आणि साडी. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, नऊवारी आठ मीटरच्या वर. झटके देणाऱ्या खांबाजवळ एवढं लांब कापड सोडलं की ते त्याला गुंडाळलं जाणारच. मग त्यात ब्लाउजचे बंद अडकतात, शर्टाच्या बाह्या अडकतात आणि पिळलेली दोरखंडासारखी मोट बाहेर निघते. घरात रोज साडी नेसणाऱ्या दोघी-तिघी असतील आणि त्या साड्या यंत्रातच टाकायच्या असतील, तर पल्सेटरचं यंत्र घ्या. त्यातही कपडे गुंततात, पण इतके नाहीत. अमेरिकेत हवा तेव्हा खांब काढून ठेवता येईल अशी यंत्रंही आली आहेत. आपल्याकडच्या दुकानात तसं मॉडेल दिसलं तर त्याची चौकशी जरूर करा.

आता दुकानात उभं राहून करायची एक परीक्षा सांगतो. खांबाचा आटे असलेला वरचा भाग हाताने फिरवून पाहा. एका दिशेला तो सहज फिरला पाहिजे आणि उलट दिशेला अडला पाहिजे. दोन्हीकडे सारखाच गरगरत असेल तर आतले खटके नीट बसलेले नाहीत. हे खटके म्हणजे प्लास्टिकचे बोटभरही नसलेले तुकडे, आणि काही वर्षांनी तेच झिजतात. झिजले की खालचा भाग हलत राहतो, आवाज नेहमीसारखाच येतो, पण वरचे कपडे वरच राहतात आणि कोरडा डागही तसाच राहतो. घरातली माणसं पावडरला दोष देतात, पावडर बदलतात. खरं तर काही रुपयांचे खटके बदलायचे असतात. म्हणून विकत घेण्याआधी विचारा की हे खटके तुमच्या गावच्या किंवा तालुक्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सुटे मिळतात का. मोटरची वॉरंटी किती वर्षांची हे विक्रेता आपण होऊन सांगतो. खांबाची किती, हे तुम्हाला विचारावं लागेल, आणि ते पावतीवर लिहून घ्यावं.

वजनाचं गणित कोरड्या कपड्यांचं असतं, भिजलेल्या नव्हे. खांब मधली जागा घेतो, त्यामुळे सात किलोच्या यंत्रात जाड गोधडी किंवा सोलापुरी चादरींची चळत कोंबू नये. कपडे भरल्यावर खांबाच्या बाजूने हात सरळ आत गेला पाहिजे, इतकी जागा मोकळी हवी.

पाण्याचा दाब बघितल्याशिवाय यंत्र घरी आणू नका. पुस्तिकेत किमान दाब दिलेला असतो. ०.३ बार लिहिलं असेल तर टाकीतल्या पाण्याची पातळी यंत्राच्या नळीपेक्षा सुमारे तीन मीटर उंच पाहिजे. गच्चीखालच्या मजल्यावर राहणाऱ्यांच्या घरी नेमकी हीच उंची मिळत नाही. मग टब भरायलाच अर्धा तास जातो आणि पडद्यावर बिघाडाचा संकेत येऊन यंत्र थांबतं. बोअरचं पाणी जड असेल तर पावडर जास्त लागते, ती निघायला पाणीही जास्त लागतं, आणि टबामागे पांढरा थर धरतो. पावडर टॉप लोडची, कमी फेसाचीच घ्या. जास्त फेसात कपडे नुसते घसरतात, पाती त्यांना पकडत नाहीत.

यंत्राखालून उंदीर शिरून वायरी कुरतडतात, तेव्हा तळाला जाळी बसवून घ्या. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.

शेवटची गोष्ट उंचीची. टॉप लोडसाठी वाकावं लागत नाही, गुडघे दुखणाऱ्यांना ते सोयीचं. पण टब खोल असतो. तळाशी राहिलेला रुमाल काढताना बुटक्या माणसाचे पाय जमिनीवरून सुटतात, आणि मधल्या खांबामुळे हात तिरका घालावा लागतो. म्हणून घरी जी व्यक्ती रोज कपडे टाकते आणि काढते, ती आई असो, सून असो, मुलगा असो, की धुण्याला येणाऱ्या मावशी असोत, तिला दुकानात सोबत न्या. टबाच्या तळाला तिचा हात टेकतो का ते बघा. टेकत नसेल तर दुसरं मॉडेल दाखवायला सांगा.