नाणे वाजवून घ्या!
(इंदिरानगर येथील गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. नोकरी सांभाळून तीस वर्षे नाणी जमवली, एवढेच. कार्यकर्ते दरवर्षी "काका, दहा मिनिटे बोला" म्हणत आणि मी टाळत असे. यंदा मीच वेळ मागून घेतली. कारण गेल्या वर्षी याच मांडवात माझ्या हातून एक चूक झाली.

आरतीनंतर आपल्यातल्या एका आजींनी बटव्यातून स्टीलचा एक रुपया काढून दाखवला. यजमान गेल्यावर त्यांच्या डब्यात सापडलेला. दोन्ही बाजूंना सिंह, साल कुठेच नाही! मी प्रसादाच्या गडबडीत होतो. पाहिल्यासारखे केले आणि म्हणालो, "आजी, दुर्मिळ दिसतंय, जपून ठेवा." नातवाने त्याचा फोटो इंटरनेटवर टाकला. चार दिवसांत फोन आला, "रिझर्व्ह बँकेतून बोलतोय, नऊ लाख मिळतील, आधी नोंदणीचे पैसे भरा." नोंदणी झाली, मग कर, मग विमा. आजींचे बावीस हजार रुपये गेले. माझ्या एका वाक्यावर त्यांनी विश्वास ठेवला होता. म्हणून जे तेव्हा करायला हवे होते, ते आज सांगतो.

आधी टांकसाळीत काय घडते ते पाहू. धातूच्या पट्ट्यातून कोऱ्या चकत्या कापतात. चकतीची कड दाबून किंचित उचलून घेतात. मग ती एका कड्यात बसवून वरून आणि खालून ठसे दाबतात. आपल्याकडे मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार टांकसाळी आहेत. सालाखाली हिरा असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, नुसते टिंब असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता.

या कामात कधीतरी गफलत होते. चकती कड्यात नीट बसली नाही तर छाप एका बाजूला सरकतो. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले तर पुढच्या चकतीवर त्याचीच उलटी, खोलगट छबी उमटते. एका किमतीचा छाप दुसऱ्या किमतीच्या चकतीवर बसतो. आपल्या नाण्यांच्या दोन्ही बाजू सरळ असतात, म्हणजे नाणे पुस्तकाच्या पानासारखे उलटले तर मागची बाजूही उभीच दिसते. ती तिरपी किंवा उलटी दिसली तर ठसा फिरलेला असतो.

आता मुख्य मुद्दा. टांकसाळीतली चूक तिथल्या यंत्राच्या रीतीनेच घडलेली असते, म्हणून ती मागे खुणा ठेवते. घरी केलेल्या करामतीला त्या साधत नाहीत. पट्ट्यात आधीच पडलेल्या भोकावर चकती कापली गेली तर नाण्याला चंद्रकोरीसारखा तुकडा कमी पडतो. अशा नाण्याची समोरची कड बघा. ती बहुधा पुसट असते, कारण कड उचलताना तुटक्या जागी दाब मिळत नाही, तसा समोरही मिळत नाही. कानशीने घासून तुकडा काढला तर समोरची कड ठसठशीतच राहते. पकडीत दोन नाणी दाबून उलटी छबी उमटवणारेही असतात. त्यांच्या नाण्याची दुसरी बाजू चेपलेली असते. दहा रुपयांच्या नाण्याचा मधला भाग फिरलेला दिसला तर तो नंतर काढून पुन्हा बसवलेला नाही ना, हे आधी पाहावे.

ऐतिहासिक उदाहरण द्यायचे तर १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया. राजाच्या अंगावरच्या माळेत एक चिमुकला हत्ती होता. त्याची सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, नाणी मागे घेतली आणि १९१२ मध्ये नीट सोंडेचा हत्ती आला. ही चूक यंत्राची नव्हे, चित्राची. त्यामुळे ती एखाद्या नाण्यावर नाही, त्या सालाच्या रुपयावर सरसकट आहे. कोणी १९११ चा रुपया दाखवला आणि त्यावर ऐटदार सोंड दिसली, तर सालाचा शेवटचा आकडा भिंगाखाली धरा. कुणी खरवडला असेल तर तिथेच कळते.

आता आजींच्या रुपयाकडे येतो. पैसे गेल्यावर त्या माझ्याकडे आल्या. आम्ही दोघे सी.एम.एच. रस्त्यावरच्या एका सराफाकडे गेलो. १९९२ नंतरचा तो स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा आणि ४.८५ ग्रॅमचा. काट्यावर आजींचा भरला ४.४. फरशीवर टाकला तर खणखण नाही, नुसता टक्. भिंगातून पाहिले तर कडेच्या आत केसाएवढी गोल रेघ. एक नाणे आतून कोरून त्यात दुसऱ्याचा पापुद्रा बसवलेला. जादूगार वापरतात तसले नाणे! आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे मुलांना जादू करून दाखवायचे. म्हणजे ह्यातलंच ते." रुपया त्यांनी पुन्हा बटव्यात ठेवला. त्यांच्या परवानगीनेच हे सांगतो आहे.

तेव्हा घरी असे नाणे सापडले तर ते चिंच लावून घासू नका, चकाकीबरोबर किंमतही जाते. त्याच सालाचे साधे नाणे शेजारी ठेवा. वजन करा, लोहचुंबक लावून बघा. स्टीलचा रुपया चिकटतो, तांबे-निकेलचे जुने दोन रुपये चिकटत नाहीत. आणि ज्याला ते विकत घ्यायचे नाही अशा जाणकाराला विचारा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि त्यासाठी कसलेही शुल्क मागत नाही. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागितले की फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. आजींनी दोन आठवडे लाजेपोटी कुणाला सांगितले नाही, तेच महागात पडले.

आणि माझ्यासारख्या स्वतःला पारखी म्हणवणाऱ्यांना एकच विनंती. काट्यावर ठेवल्याशिवाय 'दुर्मिळ' हा शब्द तोंडातून काढू नका. खाली स्टेजजवळ मी भिंग आणि छोटा काटा घेऊन बसणार आहे. आपापली नाणी घेऊन या. यंदा मला प्रसादाचीही घाई नाही.

गणपती बाप्पा मोरया!