बाराखडीआधी सातबारा
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

मैत्रिणींनो, माझ्या पहिल्या साक्षरता वर्गाबद्दल सांगते. एम.एस.डब्ल्यू. होऊन नुकतीच कामाला लागले होते. वेळ ठेवली दुपारी तीनची, कारण ती मला सोयीची! बाया तेव्हा खुरपायला गेलेल्या. मग रात्री साडेआठला वर्ग लावला, तर बावीस जणी आल्या. मी 'कमळ', 'बदक' गिरवून घेतलं. महिनाभरात सात उरल्या. अहवालात मी लिहिलं, 'महिलांमध्ये शिक्षणाविषयी उदासीनता'. आज त्या वाक्याची लाज वाटते.

त्या सातांतली एक दिवाळीला माहेरी जाऊन आली. भावांनी तालुक्याला नेऊन कागदावर तिचा अंगठा घेतला, साडी-चोळी केली. कागद होता हक्कसोडपत्राचा. 'मला वाटलं, दादा घरकुलाचं काही करतोय,' म्हणाली. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क 2005 च्या कायदादुरुस्तीने दिला, हे तिला ठाऊक नव्हतं. आम्हीही वर्गात तो विषय कधी काढला नव्हता.

दुसऱ्या रात्री बायांनीच विचारलं, 'जमीन कुणाच्या नावावर आहे ते कुठं लिहिलेलं असतं?' तेव्हापासून सातबारा हेच आमचं वाचनाचं पुस्तक झालं. आधी स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं, सासऱ्याचं. मग ती नावं उताऱ्यात शोधायची. 'इतर हक्क'मधल्या 'क्क'ला दोन रात्री गेल्या. पण त्याच रकान्यात एकीला सोसायटीच्या कर्जाचा बोजा सापडला. घरात कुणी तिला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता! आर म्हणजे जवळजवळ गुंठाच, हा हिशेब तर त्यांनीच मला शिकवला. गेलेल्यांपैकी नऊ जणी परत आल्या.

नेल्लोर जिल्ह्यात 1992 साली साक्षरता वर्गातूनच बाया दारूविरुद्ध उठल्या होत्या, ते आपण नेहमी सांगतो. पण तिथे त्यांच्या घरातलंच दुखणं पाठात आलं होतं, हे विसरतो.

आता उल्लास कार्यक्रमात वाचन, लेखन, संख्याज्ञान अशी 150 गुणांची परीक्षा असते. बायांना जरूर बसवा, प्रमाणपत्राचं त्यांना अप्रूप असतं. फक्त त्या परीक्षेपुरता वर्ग चालवू नका.

त्या बाईने हक्कसोडपत्र रद्द करण्यासाठी दावा लावला. माहेर तुटलं, भाऊबीजेला ती आता आमच्या वर्गातच असते. वकीलपत्रावर सही करण्याआधी तिने ते एकेक अक्षर लावत पूर्ण वाचलं. वकीलसाहेब घड्याळ बघत होते. दावा अजून चालू आहे.