कुत्र्याच्या अंगावरील गोचीड आणि आपली शाळा

(पाबळ येथील शिक्षक मेळाव्यात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



पटनोंदणी व वाचन ह्या विषयांनंतर मी कुत्र्यांवर बोलणार, ह्याचे काहींना नवल वाटेल. परंतु वाड्यावस्त्यांवरून आपल्या शाळेत येणाऱ्या अनेक मुलांच्या घरी राखणीचे कुत्रे असते. बिबट्याच्या भीतीने पुष्कळ ठिकाणी ते रात्री ओट्यावरच बांधतात. मूल त्याच्या गळ्यात हात घालते, त्याच्या कानातले गोचीड काढते आणि नखाने फोडते. ह्या खेळाविषयी मला बोलावयाचे आहे.

गोचीड हा कीटक नव्हे. तो कोळ्याचा दूरचा आप्त. पूर्ण वाढ झाल्यावर त्यास आठ पाय असतात, अंड्यातून निघालेल्या पिलास मात्र सहाच. कुत्र्यावरील तपकिरी गोचीड आयुष्यात तीन अवस्थांत रक्त पितो आणि प्रत्येक वेळी पोट भरले की खाली उतरून भिंतीच्या भेगांत, दगडांच्या सांदीत दडून बसतो. एरंडाच्या बीसारखी फुगलेली मादी अशाच फटीत हजारो अंडी घालून मरते. आपल्या भागातील कोरडी, उष्ण हवा त्यास मानवते. म्हणून नुसते कुत्र्यास औषध लावून भागत नाही. ओट्याच्या भेगा लिंपणे व कुत्र्याच्या बसावयाचे पोते उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळविणे, ही निम्मी चिकित्सा होय.

गुरांचा एक ताप गोचीड पसरवितो, हे अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनी १८९३ साली सिद्ध केले. कुत्र्यांतही गोचिडामुळे रक्ताचे रोग होतात. ताप येतो, खाणे सुटते, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. हाच गोचीड माणसास अंगावर पुरळ उठणारा ताप देऊ शकतो. फोडलेल्या गोचिडातील द्रव बोटाच्या जखमेतून किंवा डोळ्यातून शरीरात जाण्याचा संभव असतो. तेव्हा गोचीड मोठ्या माणसानेच काढावा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, हळूहळू ओढावा, साबणाच्या पाण्यात टाकावा व हात धुवावेत. आगकाडीचा चटका देण्याची रीत सर्वस्वी चुकीची आहे.

पिसवांची गोष्ट थोडी निराळी. त्यांची अंडी व अळ्या कुत्र्यावर थोड्या, जमिनीवरील धुळीत अधिक असतात. बाधित पिसू तोंडात गेल्यास लहान मुलाच्या पोटात कुत्र्याचा पट्टकृमी वाढू शकतो. केस झडून कातडी जाड झाली व कुत्रे सारखे खाजवू लागले, तर ती खरूज समजून दवाखान्यात न्यावे. तिच्या एका प्रकाराने माणसासही खाज सुटते. जखमेवर माशी बसून आळ्या पडल्यास मात्र एक दिवसही थांबू नये, कारण त्या जिवंत मांस खात आत जातात. मधमाशीने नाकाडावर डंख मारल्यास रुतलेला काटा चटकन खरवडून काढावा व गार पाण्याची घडी ठेवावी. घसा सुजून श्वास अडखळू लागला किंवा आग्या मोहोळ उठून अनेक डंख बसले, तर ते काम डॉक्टरांचे.

आता उपायांच्या नावाखाली होणारे अपाय. जळके ऑइल फासणे, रॉकेल चोळणे, आणि सर्वांत घातक म्हणजे कांद्यावर फवारावयाचे औषध कुत्र्याच्या अंगावर ओतणे! कुत्रे अंग चाटते, विष पोटात जाते; तोंडास फेस येऊन तडफडून ते मरते आणि घरचे म्हणतात, गोचिडाने मेले. गोचिडाची चांगली औषधे आज मिळतात, परंतु मात्रा वजनावर ठरते. ती पशुवैद्यकांनीच ठरवावी.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली ज्या पाबळला विज्ञान आश्रम उभारला, तेथे हाताने काम करून शिकण्याचे महत्त्व मी काय सांगावे? साबणाच्या पाण्यात मेलेला गोचीड बाटलीत बंद करून भिंगाखाली ठेवा. मुले पाय मोजतील. मग ज्याने त्याने आपल्या ओट्याच्या भेगा पाहून याव्यात. परक्या किंवा आजारी कुत्र्यास हात लावू नये, ही सूचना आधी द्यावी. एखादे मूल ताप व पुरळ येऊन घरी राहिले, तर गोचिडाचा संबंध आला होता काय, हे डॉक्टरांस सांगण्यास पालकांना अवश्य कळवावे.