होडीच्या पोटातलं घासकाम

होडीचं काम सुरू केल्यापासून एकच प्रश्न येतोय: "जव्हारच्या डोंगरात होडी कशाला रे?" त्यावर एक अख्खा भाग करू कधीतरी. आज बोलायचंय ते या कामातल्या सगळ्यात कंटाळवाण्या गोष्टीवर, म्हणजे होडी आतून घासण्यावर.

आधी पद्धत सांगतो. साधारण सहा मिलिमीटर जाडीच्या लांब लाकडी पट्ट्या साच्यांवर एकाशेजारी एक चिकटवत जायचं. होडीचा आकार आला की आतून-बाहेरून फायबरग्लासचं कापड इपॉक्सीने बसवायचं. लाकूड आणि फायबरग्लासची ही जोडी किती पुढे जाते? गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली 'म्हादेई' अशाच जोडीची. ५६ फुटी. तीच घेऊन कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ ते मे २०१० मध्ये एकट्याने जग फिरून आले. आमची होडी १५ फुटी, आणि ती अजून शेडमध्येच आहे!

आता मुद्दा. बाहेरची बाजू घासणं सोपं असतं. लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळला की तो उंचवट्यावरच टेकतो आणि तेवढंच घासतो. आत सगळं उलटं. सपाट ठोकळा खोलगट भागात फक्त कडांवर टेकतो, आणि त्या कडा लाकडात रुततात. वर प्रत्येक सांध्यातून गोंद बाहेर येऊन वाळलेला. तो तसाच ठेवला तर कापड नीट बसत नाही, खाली हवा राहते. पुढे तिथेच पाणी शिरतं.

मग करायचं काय? आधी गोल धारेच्या स्क्रेपरने गोंद खरवडायचा. मग पेपर फोमवर किंवा पाइपच्या तुकड्यावर गुंडाळायचा, म्हणजे हत्यारच गोलाई धरतं. आधी ६० नंबर, मग ८०, शेवटी १२०. त्यापुढे गुळगुळीत करायची गरज नाही, इपॉक्सीला धरायला थोडा खरखरीतपणा लागतोच. आणि एकाच जागी रेटायचं नाही, सहा मिलिमीटरमधलं लाकूड किती घालवणार?

हे सगळं मी व्हिडिओ बघून शिकलो आणि मोखाड्याच्या मामाला दाखवायला गेलो. मामा बोहाड्याचे लाकडी मुखवटे करतो. त्याने होडीत हात फिरवला आणि म्हणाला, "बाहेरचं सोंग लोक बघतात रे. आतलं नाचणाऱ्याच्या नाकाला लागतं." मुखवट्याची आतली बाजू तोही अशीच घासतो. बोटाला पेपर गुंडाळून, मुखवटा मांडीवर, तोंड अगदी जवळ.

बोलता बोलता मामा खोकत होता. बरीच वर्षं खोकतोय. कशामुळे ते मी डॉक्टर नाही, सांगू शकत नाही. पण लाकडाच्या भुशाबद्दल जे माहीत आहे ते सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाची धूळ माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकली, विशेषतः नाकाच्या कॅन्सरसाठी. परदेशात अशा होड्यांना आवडीने वापरतात त्या रेड सीडरच्या धुळीने दमा होतो, हेही सिद्ध झालंय. आणि आतून घासताना धूळ उडून जात नाही. होडी असो की मुखवटा, आकार वाटीचा. धूळ आतच फिरते आणि आपलं तोंडही तिथंच.

मामा तोंडाला गमछा बांधतो. मोठा भुसा त्यात अडतो, बारीक धूळ आरपार जाते. मी त्याला एन-९५ चं पाकीट दिलं. म्हणाला, "मुखवटेवाल्यालाच मुखवटा घालतोस होय!" हसलो आम्ही. पण आता पेपर हातात घेतला की लावतो. पटाशी चालवताना नाही लावत. त्यावर आमची वादावादी चालू आहे.

तुमच्यापैकी फार थोडे जण होडी बांधतील, मला माहितीये. पण घरी फर्निचरचं काम तर निघतं ना? सुतारकाका कपाटाच्या आत डोकं घालून घासतात, तेव्हा आपण धूळ नको म्हणून दार लावून घेतो. पुढच्या वेळी खिडकी उघडून द्या, पंखा बाहेरच्या दिशेने लावा, आणि चहाबरोबर एक चांगला मास्कही द्या.

भेटू पुढच्या भागात. तेव्हा कापड बसवायचंय!