आपले डोंगर, आपला कुंचला
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल मी ऋणी आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मुलांना शिकविण्यात हयात घालवून निवृत्त झालेला एक शिक्षक. चित्रकलेच्या शास्त्रावर व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु पायी हिंडावे आणि जे दिसेल ते कागदावर उतरवावे, या छंदाने मला आयुष्यभर आनंद दिला आहे. त्याविषयीच बोलावयाचे योजिले आहे.

कोणत्याही मुलाला निसर्गचित्र काढावयास सांगा. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांमधून डोकावणारा सूर्य, नागमोडी नदी, एक झोपडी आणि एक नारळाचे झाड, हे चित्र तो डोळे मिटून काढील. जुन्नरचा मुलगा तेच काढतो आणि घोडेगावचाही तेच काढतो. वास्तविक आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचून घडला. म्हणून आपल्या डोंगरांची रेषा पायऱ्यापायऱ्यांची आहे. सपाट माथा, त्याखाली उभा कडा, मग उतार आणि पुन्हा कडा. चावंड पाहा, हडसर पाहा, जीवधनाशेजारी उभा असलेला वानरलिंगीचा सुळका पाहा. पुस्तकातला त्रिकोण तेथे कोठे आहे? दोष मुलाचा नव्हे. त्याला त्याचा डोंगर आपण दाखविला नाही. चालल्यावाचून पाहणे घडत नाही आणि पाहिल्यावाचून चित्र घडत नाही, एवढेच मला सांगावयाचे आहे.

हा पाठ पुण्यात दोन शतकांपूर्वीच गिरविला गेला आहे. सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत जेम्स वेल्स हा चित्रकार पुण्यास आला होता. त्याच्या सहवासात तयार झालेल्या गंगाराम तांबट या पुणेकर चित्रकाराने वेरूळ आणि कार्ले येथील लेणी रेखाटली. त्याची कित्येक चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात जपलेली आहेत. त्याच्याच गावच्या माणसाला ती पाहावयाची तर समुद्रापलीकडे जावे लागते! आणि आपल्या जुन्नरच्या परिसरात तर दोनशेहून अधिक लेणी आहेत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा ही नावे आपल्या तोंडी आहेत. ती आपल्या हातच्या कागदावर किती आहेत?

रंगांचेही तसेच आहे. पेटीतला तयार हिरवा रंग डोंगराला फासला की चित्र खोटे दिसू लागते. श्रावणातला भाताचा हिरवा निराळा, हिरड्याचा निराळा आणि भीमाशंकरच्या दाट रानाचा त्याहून निराळा. निळ्यात पिवळ्या मातीचा रंग थोडाथोडा मिसळीत गेले म्हणजे हे भेद हळूहळू हाती येतात. पावसात काळानिळा दिसणारा कातळ वैशाखात तपकिरी होतो. भाद्रपदात पठारावर सोनकी पिवळी फुलते, आणि कारवी तर सात वर्षांनी एकदा बहरते. मोबाइलवर छायाचित्र क्षणात निघते हे खरे. परंतु चित्रासाठी अर्धा तास एका जागी बसून पाहावे लागते, आणि त्या अर्ध्या तासात शेकरूही फांदीवर येऊन जाते.

हा केवळ करमणुकीचा विषय नाही. ज्या आंबेगावाने तालुक्याला नाव दिले, ते मूळ गाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. त्याचा पार, त्याची घरे, त्याची गल्ली दाखविणारे एखादे चित्र आपल्यापैकी कोणाच्या घरी आहे काय? 30 जुलै 2014 रोजी त्याच तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. चित्रे काढून आपत्ती टळते असे मी म्हणत नाही. परंतु ज्याने एकच उतार वर्षानुवर्षे रेखाटला, त्याला तेथील तुटलेले झाड आणि नवी भेग इतरांच्या आधी दिसण्याचा संभव असतो. आणि जे जाणारच आहे, त्याची निदान आठवण तरी मागे राहते.

तयारी फारशी लागत नाही. एक वही, एक पेन्सिल, जलरंगांची लहान पेटी, पाण्याची बाटली आणि जुने फडके पुरे. सकाळी लवकर निघावे. तेव्हा उन्हे तिरपी असल्याने कड्यांच्या सावल्या स्पष्ट दिसतात. पावसाळ्यात नाणेघाटासारख्या ठिकाणी कड्याच्या टोकाशी बसू नये. आपल्या भागात उसाच्या आश्रयाने बिबट्या राहतो, म्हणून लहान मुलांना घेऊन सांज होण्यापूर्वी परतावे. वाडीवस्तीवर बसण्यापूर्वी तेथील मंडळींना विचारावे आणि झालेले चित्र त्यांना अवश्य दाखवावे. चित्राच्या कोपऱ्यात गावाचे नाव, तिथी आणि वेळ लिहावयास विसरू नये. चांगल्या-वाईटाचा निवाडा पुढची पिढी करील.

मंडळापुढे माझी एकच नम्र सूचना आहे. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आपण करतोच. त्याबरोबर वर्षातून एकदा मुलामुलींना पायी डोंगराकडे न्यावे, आणि त्यांनी काढलेली चित्रे मंडळाच्या कपाटात जपून ठेवावी. शिवनेरी, कुकडी, घोड आणि मीना यांचे रूप आपल्याच लेकरांच्या हातून उतरलेले असावे, एवढी माझी इच्छा आहे.