‘म्हणे’ कोण लावतं?

(बोईसर येथील महिला मेळाव्यातील भाषण)



लहानपणी ‘च’ची भाषा आपण सगळ्याच बोललो असू. ‘कुठे जातेस?’ म्हणजे ‘चठेकु चतेसजा?’ मोठ्यांना कळू नये म्हणून केलेली आपली भाषा, पण तिचं व्याकरण मराठीच. गोष्टींतल्या काल्पनिक भाषाही अशाच खऱ्या भाषांवर उभ्या असतात. टॉल्किनने आपल्या एल्फ लोकांसाठी दोन भाषा रचल्या; एकीला फिनिशचा आधार, दुसरीला वेल्शचा.

मला सांगायचंय ते सुझेट हेडन एल्जिन या अमेरिकन भाषातज्ज्ञ बाईंबद्दल. १९८२ साली त्यांनी ‘लादान’ ही बायकांची भाषा रचायला घेतली आणि १९८४च्या ‘नेटिव्ह टंग’ कादंबरीत ती आणली. त्या गोष्टीत बायकांचे नागरी हक्क काढून घेतलेत आणि दुभाषाचं काम करणाऱ्या बायका पुरुषांच्या नकळत स्वतःची भाषा घडवतात. त्यात एक शब्द आहे, नावाला सण असलेल्या दिवसाचा: रांधता-वाढताना बाईची पाठ मोडते आणि पाहुण्यांतलं कुणी हात लावत नाही. पालघरच्या बैठकीत हा अर्थ सांगितला, तर बायका खो-खो हसल्या. ‘गणपती!’ म्हणाल्या.

पण मला भिडलं ते वेगळंच. लादानमध्ये वाक्याच्या शेवटी एक छोटा शब्द येतो. स्वतः अनुभवलं असेल तर एक, भरवशाच्या माणसाकडून कळलं तर दुसरा, भरवसा नसलेल्याकडून कळलं तर तिसरा. एल्जिनबाई नवाहो भाषेच्या अभ्यासक. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कितीतरी भाषांत अशी सोय आहे. आपल्याकडेही थोडी आहे: ‘तिला मारलं’ आणि ‘तिला मारलं म्हणे’.

एल्जिननी दहा वर्षं वाट पाहिली. बायकांनी लादान उचलली नाही. सिनेमातल्या लढवय्यांची क्लिंगॉन मात्र लोक हौसेने शिकले!

आता माझी चूक सांगते. तारापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाणारी बाई आमच्याकडे आली. म्हणाली, ‘सुपरवायझरनं माझा हात धरला.’ २०१३च्या कायद्याप्रमाणे लेखी तक्रार हवी, आणि तिला लिहिता येत नव्हतं. मी लिहिलं: ‘सुपरवायझरने हात धरला असे तिचे म्हणणे आहे.’ एम.एस.डब्ल्यू.ला शिकलेली तटस्थ भाषा! तिने वाचून दाखवायला सांगितलं. ऐकून म्हणाली, ‘ताई, म्हणणं कसलं? हात माझा होता.’

मी गप्पच झाले. तिच्या डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीला ‘म्हणे’ मी लावला होता, कंपनीने नव्हे. कागद फाडला. दुसरा लिहिला: ‘त्याने माझा हात धरला.’ तिने तोही वाचून घेतला, मगच अंगठा दिला.

तेव्हापासून आमच्या केंद्राच्या कागदावर दोन रकाने आहेत. बाईने स्वतः पाहिलं-सोसलं ते एकात, ऐकलेलं दुसऱ्यात. कुठलं वाक्य कुठे जायचं, ते बाई सांगते.